सोमवारची किल्ली

आमची गाडी पहिल्यांदा रडली तेव्हा सोमवार होता आणि स्टेअरिंगवर मी होते. झालं! तेवढ्यावरच घरात निकाल लागला. गाडी कुणी बिघडवली? शांतम्मानं. साक्षीदार नको, पुरावा नको, काही नको.

शांतम्मा म्हणजे मी. माझं नाव ठेवताना आईवडलांनी जरा घाईच केली, असं सासरचे सगळे म्हणतात. वय चोपन्न. आमच्या मालकांचा, म्हणजे सिद्रामप्पांचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आठ मागांचा टॉवेलचा कारखाना आहे. कारखान्यातली माणसं त्यांना मालक म्हणतात म्हणून मीही मालकच म्हणते. ‘अहो’ म्हणून हाक मारली तर मागांच्या खडखडाटात त्यांना ऐकू जात नाही, आणि घरी आल्यावर ऐकायची इच्छा नसते.

माझी थोरली बहीण सावित्रम्मा वळसंगला एकटी राहते. गुडघे गेलेत, तोंड शाबूत आहे. गाडीनं तिच्याकडं जायचं म्हणजे फार तर अर्धा तास. पण तो अर्धा तास मिळवायला मी चौतीस वर्षं एकच प्रश्न विचारत आले. “कधी निघायचं?” आणि चौतीस वर्षं मालकांचं उत्तर एकच. “बघू की.”

बघू की म्हणजे नाही नव्हे. नाही म्हणाले असते तर मी भांडले तरी असते. बघू की म्हणजे चांगली साडी नेसायची, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी डब्यात भरायची आणि पायरीवर बसून राहायचं. मग कधी माग अडायचा, कधी व्यापारी यायचा, कधी नुसतीच मालकांची मर्जी फिरायची. मी साडी बदलून पुन्हा कामाला लागायचे. तिकडं सावित्रम्मा दारात खुर्ची टाकून बसलेली असायची.

मागच्या वर्षी मी म्हणाले, बास. ड्रायव्हिंग शिकले, लायसन काढलं. मालक लई हसले. सोमवारी सकाळी मी त्यांच्यापुढं हात पसरला.

“किल्ली.”

“कशाला?”

“वळसंगला.”

त्यांनी खिशातून किल्ली काढून दिली खरी, पण घरची म्हैस बाजारला निघाल्यासारखा चेहरा केला. तेव्हापासून सोमवार माझा. कुणाला विचारायचं नाही, पायरीवर बसायचं नाही. खरं सांगते, एवढा आनंद मला माझ्या लग्नातसुद्धा झाला नव्हता.

आणि मग ही रड सुरू झाली. वळसंगात शिरताना मी चाक वळवलं आणि बॉनेटखालून आवाज आला, ऊंऽऽऽ. चाक सरळ केलं, आवाज बंद. परत वळवलं, परत ऊंऽऽऽ. सावित्रम्मा दारातच होती. ती म्हणाली, “काय गं, कुत्रं चेंगरलंस का काय?”

घरी येऊन मालकांना सांगितलं. त्यांनी खांद्यावरच्या टॉवेलनं सावकाश तोंड पुसलं. त्या दिवसांत कारखान्यात राणी कलरच्या टॉवेलची मोठी ऑर्डर चालू होती, त्यातला एक कडेला वीण बिघडलेला नग मालकांच्या खांद्यावर आला होता. एवढा भडक गुलाबी टॉवेल घेऊन पुरुषमाणूस गावभर फिरतो, याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं.

“बारा वर्षं मी चालवली,” ते म्हणाले, “कधी हूं की चूं केलं नाही तिनं. बाईचा हात लागला की...”

पुढचं त्यांनी गिळलं, कारण बाईच्या हातात तेव्हा उलथनं होतं.

दुसऱ्या सोमवारी आवाज वाढला. तिसऱ्या सोमवारी चाक जड लागायला लागलं, इतकं की गाडी जरा सरकती ठेवली तरच वळायचं. मालक मात्र रोज माझी एक नवी चूक शोधून काढायचे. मी खड्ड्यात घालते, मी ब्रेक उगीच दाबते, मी आरशात बघत नाही. एक दिवस म्हणाले, “तू चाक शेवटपर्यंत पिळतीस आणि तसंच धरून ठेवतीस. त्यानंच वाट लागली.”

हे मात्र खरं होतं. आमची गल्ली अरुंद, त्यात समोरच्या दानेश्वरीनं घराची पायरी हातभर पुढं घेतलेली. गाडी आत घालताना मी चाक पार शेवटपर्यंत पिळून, दात-ओठ खाऊन धरून ठेवत होते. खरंच माझ्यानंच बिघडली असेल तर?

“महिपतीकडं नेऊ,” मालक म्हणाले. “तो म्हणेल ते खरं. तुझ्या हातानं बिघडली म्हणाला, तर किल्ली माझ्या खिशात. कायमची.”

“आणि तुमच्या हातानं बिघडली असली तर?”

मालक हसले. “बघू की.”

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या. पण मी हो म्हणाले. मागं हटले असते तर तिथंच हरले असते.

महिपती मेकॅनिक मूळचा टेंभुर्णीचा. हायवेवर ट्रक दुरुस्त करत हात बसलेला माणूस. आता एमआयडीसीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. बोलतो कमी, पण कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून मला त्याचा आधारही वाटत होता आणि धाकही. गुरुवारी सकाळी आम्ही निघालो. चालवायला अर्थातच मालक. “बघ, गाडी कशी चालवतात,” असं म्हणून त्यांनी टॉवेल खांद्यावर नीट केला.

एमआयडीसीच्या चौकात उजवीकडं वळायचं होतं. गाडी हळू झाली, मालकांनी चाक फिरवलं, बॉनेटखालून असा काही गळा काढला गाडीनं की रस्त्यावरचे लोक थांबले. आणि चाक अर्ध्यात घट्ट झालं. मालकांचा उजवा खांदा दोन वर्षं झाली धरलाय. त्यावर ते मागाचं तेल चोळतात, डॉक्टरांना मानत नाहीत. त्यांनी जोर लावला, तोंड लाल केलं, “हूं” केलं, चाक हलेना. गाडी रस्त्यात आडवी. मागं चादरीच्या गठ्ठ्यांचा टेम्पो, त्याच्या मागं शिफ्टला निघालेल्या सायकली आणि मोटारसायकली, आणि सगळ्यांचे हॉर्न एकदम.

“ओ चाचा, गाडी बाजू लेओ ना! शिफ्ट का टाइम होरा!” मागून कुणीतरी ओरडलं.

मालक घामाघूम झाले. “जरा बॉनेट उघडून बघतो,” म्हणून खाली उतरले. मीही उतरले, गाडीला वळसा घातला आणि त्यांच्या जागेवर जाऊन बसले.

“अगं जड झालंय! तुला नाही जमायचं!”

“सरका.”

जड झाल्यापासून ते चाक मीच ओढत होते. नुसतं पिळून ते वळत नाही. गाडी तसूभर पुढं घ्यायची, मग चाक ओढायचं, परत तसूभर, परत ओढायचं. आणि जोर मनगटातून नाही, खांद्यातून लावायचा. रोज पंचवीस-तीस भाकऱ्यांचं पीठ मळणाऱ्या बाईला हे कुणी शिकवावं लागत नाही. चाक कुरकुरलं, मीही दोन शब्द कन्नडमध्ये बोलले. राग आला की माझी जीभ आपोआप तिकडं वळते. गाडी हळूहळू वळली.

“वा मौसी!” टेम्पोवाला ओरडला.

गॅरेजपर्यंत मीच नेली. मालक गाडीच्या पुढं चालत होते, हातात राणी कलरचा टॉवेल, तो हलवत लोकांना बाजूला करत. एवढा मान मला वरातीतही मिळाला नव्हता. पण मनातली शंका तशीच होती. चौकात मी जिंकले असेन, निकाल महिपतीच्या हातात होता.

महिपतीनं गाडी चालू करून आवाज ऐकला. मग बंद केली, किल्ली माझ्या हातात दिली, स्टेअरिंगच्या तेलाच्या छोट्या टाकीचं झाकण काढलं, आत बोट बुडवून वास घेतला. माझ्याकडं बघितलं.

“वहिनी, गाडी कोण चालवतंय?”

“सोमवारी मी.”

“चाक शेवटाला नेऊन धरून ठेवता का?”

मालक टॉवेलच्या आड हसले. खोटं बोलावं असं मला फार वाटलं. सोमवार जायचा, सावित्रम्माची खुर्ची दारात तशीच राहायची. पण महिपतीच्या डोळ्यांत बघून माझ्यानं खोटं बोलवेना.

“धरते,” मी म्हणाले.

“ते बरं न्हाय. पंपावर ताण येतो. शेवटाला गेलं की जरा मागं सोडत जावा.”

“ऐकलंस?” मालकांनी माझ्यापुढं हात पसरला. “किल्ली.”

माझे डोळे भरून आले. मी किल्ली मुठीत घट्ट धरून उभी राहिले.

“थांबा की मालक,” महिपती म्हणाला. “आजून माझं झालं न्हाय. एवढ्यानं पंप मरत न्हाय.”

त्यानं टाकी सोडवून काढली आणि एका ट्रेमध्ये उपडी केली. काळपट, पातळ तेल पडलं. टाकीच्या तळाला तेल गाळायची बारीक जाळी होती. त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक घालून जाळी खरवडली, तर भलामोठा चिकट बोळा बाहेर आला. तो त्यानं पांढऱ्या कापडावर ठेवला, वरून पेट्रोल सोडलं, बोटानं पसरला. तेल निघून गेलं तसा रंग वर आला.

गुलाबी. भडक गुलाबी.

महिपतीनं कापडाकडं बघितलं. मग मान वर करून मालकांच्या खांद्याकडं बघितलं. मीही बघितलं. मालकांनी टॉवेल हळूच काढून पाठीमागं धरला.

“ह्यो टॉवेल इणताना उडणारा सुताचा तूस हाय,” महिपती म्हणाला. “आन ह्ये तेल स्टेअरिंगचं न्हवंच. ह्ये मागाचं तेल हाय. कारखान्यात उघडं पडलेलं. तुसानं जाळी बुजली, पंपाला तेल मिळंना, म्हणून बोंबलत हुता. मालक, टाकीत ह्ये कुणी वतलं?”

मालक गॅरेजच्या पत्र्याकडं बघायला लागले.

अय्य शिवने! माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. आमच्या घरात दाराची बिजागरी कुरकुरली, मागाचं तेल. शिवणयंत्र अडलं, मागाचं तेल. पंखा, कात्री, सायकल, स्वतःचा खांदा, सगळ्याला मागाचं तेल! तीन आठवडे मला बोल लावत होता हा माणूस, आणि स्वतः गुपचूप टाकीत तेल ओतत होता! मी कन्नडमध्ये सुरू झाले. काय काय बोलले ते इथं सांगत नाही. महिपतीला कन्नड येत नाही, तरी तो दोन पावलं मागं सरकला.

मी दम घ्यायला थांबले तेव्हा मालक खालच्या आवाजात म्हणाले, “गाडीखाली डाग दिसला. टाकी बघितली तर निम्मी. सोमवारी तू एकटी जातीस. वाटेत बंद पडली तर काय करशील, म्हणून रविवारी घालून ठेवत होतो. आवाज वाढला म्हणून जास्त घातलं.”

“मला सांगायला काय झालं होतं?”

“सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, काहीतरी निमित्त काढून किल्ली परत घेताय.”

म्हणाले असतेच मी. माझा राग ढिला पडला. सगळा नाही, पण पडला. एवढी काळजी होती, तर तोंडानं बोलायला या माणसाला काय होतं, असं वाटलं आणि हसूही यायला लागलं.

“मालक,” महिपती म्हणाला, “मायेनं वतलं तरी पंप गेला त्यो गेलाच. नवा बसवावा लागंल, गळकी नळी बदलावी लागंल. शनवारी गाडी न्या. आन किल्ली कुणाच्या हातात द्यायची, तेवढं आत्ताच सांगून ठेवा. मागनं भांडण नको.”

मालकांनी घसा साफ केला. टॉवेल परत खांद्यावर टाकला.

“चालवणाऱ्याच्या,” ते म्हणाले. मग माझ्याकडं बघून हळूच, “तिच्याच की.”

सोमवार आला. गाडी गल्लीत गपगुमान उभी. आदल्या दिवशी मी चाक एका हातानं फिरवून बघितलं होतं, लोण्यासारखं फिरलं, आणि शेवटाला गेल्यावर मी जरा मागंही सोडलं. सकाळी मी चुलीपुढं भाकऱ्या करत होते, किल्ली कमरेला खोचलेली. मालक कारखान्यात जायचे सोडून घरातच घुटमळत होते. इस्त्रीचा सदरा घातलेला.

“मी पण येतो म्हणतो,” ते म्हणाले. “सावित्रम्माला बघून लई दिवस झाले.”

“या की.”

ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. जरा वेळानं उठून गाडीभोवती एक चक्कर मारून आले. परत बसले. परत उठले. मग दारातून आत डोकं घालून विचारलं,

“कधी निघायचं?”

भाकरी थापता थापता माझा हात थांबला. चौतीस वर्षं. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांचं त्यांनाही कळलं असावं, कारण ते कानापर्यंत लाल झाले.

“बघू की,” मी म्हणाले, आणि आणखी एका भाकरीचं पीठ मळायला घेतलं.