भिंतीपलीकडचा हुंकार

या, असे जवळ बसा. एक गोष्ट सांगतो. मधूनमधून हुंकार तेवढा देत जा.

द्वारकाबाईंनी शेजारणीनं शिकवलेल्या उर्दूची किताब मांडीवर घेतली आणि पहिल्याच ओळीला ओवीची चाल लावली.

“या अल्ला! अक्का, परीची गोष्ट हाय ती, आरती नाय!”

कमरेएवढ्या भिंतीपलीकडून गौहर हसत सुटली. तिच्यामागं अंगणात वळकट्या बांधून ठेवलेल्या होत्या. नवऱ्याला हैदराबादेत नोकरी लागली होती. सकाळच्या गाडीनं निघायचं होतं.

“बाबांच्या पोथीपुढं बसून अक्षरं शिकले गं. चालीबिगर तोंडच उघडत नाय.”

“मग उद्या शाळेत टाळ बी घेऊन जा.”

दोघी हसल्या. द्वारकाबाईंचं बोट मात्र ओळीवरच राहिलं. त्या विधवा होत्या; मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची जागा मिळण्यासारखी होती. पण राज्य निजामाचं, हुकूम उर्दूत येत; म्हणून मोठ्या बाई उद्या उर्दू वाचून घेणार होत्या.

“नाय जमलं तर दीर वेरूळला नेणार. जावेच्या चुलीपुढं. तिथं पोथी उघडायची तरी विचारावं लागंल.”

गौहरनं हातातलं तांदूळ पाखडायचं सूप भिंतीवर ठेवलं. रोज दिवेलागणीला द्वारकाबाई संतांची पोथी वाचायच्या, आणि ओवी संपली की पलीकडून तांदूळ निवडता निवडता हुंकार यायचा, “हं... फिर?”

“मला तिथं कोण वाचून दाखवणार, अक्का?”

“तुझ्या पऱ्या हायेत की. नुसता पुलाव खातात.”

“पऱ्या आवडतात. पर तुझ्या पोथीतले लोक उपाशी राहून बी गातात. ते लई आवडतं.” गौहरनं पदरानं नाक पुसलं. “हे बघ. माझी कोंबडी तुझ्या तुळशीत शिरली की माझ्याशी भांडतेस ना? तवा कुठं चाल लावतेस? तसंच वाच.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी हुकमाचा कागद पुढं केला. चाल गळ्यापर्यंत आली. द्वारकाबाईंनी डोळे मिटून कोंबडी आठवली, एक हात कमरेवर ठेवला आणि सुट्टीचा तो साधा हुकूम असा वाचला, की मोठ्या बाईंनी खुर्ची मागं सरकवली.

“उद्यापासून या,” त्या म्हणाल्या. “पण मुलींना एवढं रागवू नका.”

संध्याकाळी द्वारकाबाईंनी दिवा लावला, पोथी उघडली. एक ओवी चालीवर म्हटली आणि सवयीनं थांबल्या.

पलीकडच्या दाराला कुलूप होतं.

पुढची ओवी त्यांनी सरळ वाचली, हुकूम वाचावा तशी. गौहर मागं ठेवून गेलेली कोंबडी तुळशीत माती उकरत होती. त्यांनी तिला हाकललं नाही.

आत्ता तुम्ही हुंकार दिलात ना? पोथी-कीर्तनाला बसाल तेव्हा असाच द्या. आणि देताना एकदा गौहरची आठवण काढा.