उतारावरचे पायपुसणे

मित्रांनो, मी एक जुने पायपुसणे आहे. माझ्याकडे पाहून बोलायची कुणाला सवय नसते, म्हणून आज मीच बोलून घेते. तुम्ही ऐकता ऐकता पाय पुसलेत तरी माझी काही हरकत नाही.

नारळाच्या सोडणापासून माझा जन्म झाला. आधी पाण्यात कुजवले, मग बडवले, मग वळून दोर केला आणि मागावर घट्ट विणले. शेवटी एका कारागिराने माझे वर आलेले केस मोठ्या कात्रीने सारखे कापले. "कडक झालंय," असे तो म्हणाला. पायपुसण्याच्या जातीत याहून मोठी शाबासकी नसते.

मग मी एका सुताराच्या दारात आले. सगळे त्यांना मेस्त्री म्हणत. घरात मेस्त्री, त्यांची बायको आणि एक शाळकरी लेक. मेस्त्री खुर्च्या, कपाटे, टेबले करत, आणि त्यांच्या हाताला पॉलिशचे वेड होते. लाकूड कोणतेही असो, त्यात आपला चेहरा दिसल्याशिवाय ते ब्रश खाली ठेवत नसत. त्यांच्या चपलांचा सारा भुसा माझ्या पोटात जाई. बरीच वर्षे मी तो निमूटपणे गिळला. पुढे माझी एक कड उसवली आणि दारात नवे रबरी पायपुसणे आले. त्याच्यावर फुले काढलेली होती. मला न्हाणीघराच्या कोपऱ्यात, फुटक्या बादलीमागे उभे केले. मला राग आला नाही. जुने झाल्यावर कोपरा मिळाला हेही काही कमी नव्हते, कित्येकांना तर थेट उकिरडा मिळतो.

एके दिवशी त्याच न्हाणीघरात बदकाची सहा पिल्ले आली. लेकीने हट्ट करून आणवली होती. एका खोक्यात वर्तमानपत्र अंथरून त्यांना ठेवले आणि वर उबेसाठी दिवा टांगला. पिल्ले पाणी प्यायची थोडे आणि सांडायची जास्त. ओला कागद गुळगुळीत झाला. बिचारी उभी राहायला गेली की पाय दोन्ही बाजूंना फाकत, आणि ती पोटावर आपटत. हे मेस्त्रींच्या बायकोने पाहिले. तिने कागद काढला, मला बादलीमागून ओढले, खसाखसा धुतले आणि खोक्यात अंथरले. पिल्ले माझ्यावर उभी राहिली आणि उभीच राहिली. खरे सांगते, इतकी वर्षे लोक माझ्यावर पाय ठेवून पुढे जात होते. माझ्यावर थांबणारे पाय मला पहिल्यांदाच मिळाले आणि मला फार बरे वाटले.

पिल्ले वाढली, म्हणजे वास वाढला. आंघोळीला जाणाऱ्याने आधी सहा जणांची परवानगी काढायची, अशी घराची अवस्था झाली. पिवळी लव जाऊन पांढरी पिसे आली, तेव्हा लेक त्यांना रोज थोडा वेळ मागच्या अंगणात उन्हाला नेऊ लागली. मग दिवाही बंद केला. मेस्त्रींनी बदकांसाठी खुराडे करायला घेतले.

खुराडे म्हणजे काय, एखाद्या राजाचे कपाट होते! एकही खिळा न दिसणारे सांधे, कलाकुसरीची जाळी, अलगद फिरणाऱ्या बिजागऱ्यांचे दार. गल्लीत मुंगूस फिरते म्हणून ते चार पायांवर उंच उभे केलेले. चढायला एक रुंद उताराची फळी, आणि तिला पॉलिशचे पाच हात. तिच्यात आभाळ दिसत होते. शेजारचे शिंपीकाका ते पाहायला मुद्दाम आले आणि म्हणाले, "मेस्त्री, भाड्याने देणार असाल तर मीच राहायला येतो."

बदकांना बाहेर हलवले त्या दिवशी मलाही धुऊन अंगणाच्या कठड्यावर वाळत घातले होते. त्यामुळे पुढचे सगळे मी पाहिले. संध्याकाळ झाली. लेकीने खुराड्यात दाणे टाकले आणि "या, या" करत बदकांना फळीपाशी आणले. पहिले बदक दोन पावले चढले आणि बसल्या बसल्या खाली आले. दुसऱ्याचे तेच झाले. मग सहाही जणांनी मान तिरकी करून फळीकडे पाहिले आणि पाठ फिरवली. शेवटी लेकीने एकेकाला उचलून आत ठेवले. सकाळी दार उघडताच ती वरून घसरत एकमेकांवर पडली आणि एक लंगडू लागले.

दुसऱ्या संध्याकाळी तोच खेळ. मागून ढकलून झाले, पुढे पालेभाजी धरून झाली. आता बदकेही लेकीला पाहून पळायला लागली. अंधार पडेपर्यंत ती त्यांच्यामागे धावत होती आणि एक तर कुंपणाखालून जवळजवळ बाहेर निघाले होते.

मेस्त्रींचा पारा चढला. "न्हाणीघरात लाडावलेत! सुख बोचतंय त्यांना."

"बाबा, ती घाबरतात."

"कशाला? मी केलेल्या फळीला? नाचता येईना अंगण वाकडं! गाढवाला गुळाची चव काय आणि बदकाला पॉलिशची! हे बघ, रोज सहा जणांना कडेवर घेऊन निजवायला आपण मोकळे नाही. एखाद्या दिवशी एक बाहेर राहिलं की मुंगसाचं साधणार. उद्या संध्याकाळी आपल्या पायांनी आत गेली तर ठीक. नाहीतर परवा कोंबडीवाला येतोय, त्याला देऊन टाकू."

कोंबडीवाला बदके पाळायला नेत नाही, एवढे लेकीला कळत होते. ती अंगणातल्या दगडावर बसून राहिली आणि फ्रॉकच्या कडेने डोळे पुसत राहिली. मला वाईट वाटले. पण पायपुसण्याला वाईट वाटून कुणाचे काय होणार?

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा सुटला आणि मी कठड्यावरून खाली पडले. यात माझे काही कर्तृत्व नाही. पण थोड्या वेळाने ते लंगडणारे बदक आले, त्याने माझी कड चोचीने ओढून पाहिली आणि सरळ माझ्यावर बसले. मग बाकीची पाचही आली. एवढे मोठे अंगण मोकळे असताना सगळी माझ्यावर दाटीवाटीने बसली.

मेस्त्रींची बायको मागच्या दारात उभी होती. ती लेकीला म्हणाली, "अगं, त्यांना घर नको झालेलं नाही. त्यांचा पाय ठरत नाहीये. हे टाक त्या फळीवर."

लेकीने मला उचलून फळीवर पसरले आणि लंगड्या बदकाला वर ठेवले. मित्रांनो, मी जन्मभर इतरांचे घसरणे थांबवले, पण त्या फळीवर मीच घसरले! बदकासकट थेट खाली, आणि बदक माझ्यावर बसून होडीतून निघाल्यासारखे. मायलेकी खळखळून हसल्या. मेस्त्री बाहेर आले, पण त्यांना हसू आले नाही.

"खिळे मारावे लागतील," बायको म्हणाली.

"या फळीला?"

"मग कुठल्या?"

"दोरीनं बांधू."

"दोरी तरी ठरेल का हिच्यावर? अहो, बोट ठेवून बघा, तेही घसरतंय."

मेस्त्रींनी खरेच बोट ठेवले. ते बराच वेळ फळीवरून हात फिरवत होते. शेवटी त्यांनी हातोडी आणली. लेक पुढे झाली तर तिला देईनात. पहिला खिळा त्यांनी फळीवर धरला, उचलला, पुन्हा धरला. आपल्या हाताने केलेले काम बिघडवताना कारागिराचा हात जड होतो. हातोडी पडली आणि पॉलिशला बारीक तडा गेला.

तेवढ्यात बायको शांतपणे म्हणाली, "आपल्या जिन्याला पण तुम्ही असंच पॉलिश केलंय. मी रोज भिंत धरून, अंग तिरकं करून उतरते."

मेस्त्रींची हातोडी थांबली. "कधी बोलली नाहीस."

"बोलले की. तुम्ही म्हणालात, पाय नीट टाकत जा."

मेस्त्रींनी मान वर केली नाही. उरलेले खिळे एकामागून एक ठोकले आणि माझी चारही टोके ओढून पाहिली.

संध्याकाळ झाली. लेक फळीपासून लांब, दोन्ही हात तोंडावर धरून उभी राहिली. लंगडे बदक आधी आले. त्याने माझ्यावर एक पाय ठेवला, थोडा दाबला, मग दुसरा ठेवला. ते चढत गेले, आणि त्याच्यामागे बाकीची ओळीने. मेस्त्रींनी दार लावले आणि बोटाने एकेक करून सहाही मोजून घेतली. लेक त्यांच्या कमरेला मिठी मारून रडत होती. दुसऱ्या दिवशी कोंबडीवाला आला, चहा पिऊन रिकाम्या हाताने गेला.

आता मी उघड्यावर असते. ऊन, पाऊस आणि बदके जे जे मागे ठेवतात ते, सगळे माझ्या अंगावर. म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे कुणी असेल तर त्याला अधूनमधून झटका, धुवा, उन्हात घाला. आणि मोठे होऊन काही करायला घ्याल, खुर्ची, जिना, रस्ता, काहीही, तर ज्याचे पाय त्यावर पडणार आहेत त्याला आधी विचारा. त्याने सांगितले, तर पहिल्याच वेळी ऐका.

मेस्त्रींनी ऐकायला उशीर केला, पण ऐकले. त्या आठवड्यात घरातून खरवडण्याचा आवाज येत होता. माझ्या जागेवरून मागच्या दारातून जिन्याच्या खालच्या पायऱ्या दिसतात. त्यांची चकाकी गेली आहे. काल सकाळी मेस्त्रींची बायको धुण्याची भरलेली टोपली दोन्ही हातांत धरून, लेकीशी बोलत, सरळ उतरून आली.