रांजणात मुरलेलं तेल

मित्रांनो, मी रांजण. जुना, काठाचा टवका उडालेला, आणि रंगरावांवर डूख धरून बसलेला. मातीला राग येत नाही असं ज्याला वाटतं, त्यानं आमच्या आळीचं पाणी प्यायलेलं नाही.

देऊळघाटच्या उकंडराव कुंभारानं मला घडवलं. माझं पोट थोपटताना तो म्हणायचा, "थंड राह्य बे. लोकायची तहान हाय तुह्यावर." तेव्हा मी भोळा होतो.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. शेतांवर इंजिनं आली होती आणि त्यांचं क्रूड तेल गावचे व्यापारी रंगराव विकत. तेलाची पिंपं खालच्या आळीच्या वर, उतारावर ठेवलेली. एका उन्हाळ्यात गंजलेली पिंपं फुटली आणि तेल उतारानं वाहत सुटलं. रंगरावांनी त्यावर चार पाट्या माती ओढली आणि हात झटकले. पावसाळ्यात ते तेल आळीच्या विहिरीत उतरलं. लोक विचारायला गेले, तर रंगराव म्हणाले, "तेल वर तरंगते. खालचं पानी काढा ना."

गरिबांना दुसरी विहीर कुठली? फडक्यानं गाळून तेच पाणी प्यायले. घरोघर उलट्या, पोटात कळा, अंगभर खाज. आळीतल्या केसरबाईची नात यमुना तर इतकी गळाली की तिला उभं राहवेना. विहीर उपसून द्या म्हणून केसरबाईनं रंगरावांचा उंबरठा झिजवला. उत्तर एकच, "पानी चांगलं हाय."

पुढच्या उन्हाळ्यात विहिरीच्या चौकशीला सरकारी साहेब येणार असं कळलं आणि रंगरावांना पुण्य आठवलं. अक्षय तृतीयेला आईच्या नावानं पाणपोई घालायची ठरली. त्यासाठी मला आणलं. कोरा रांजण आधी पाणी भरून मुरवावा लागतो. ते काम केसरबाईकडे आलं. तिनं मला आळीच्या विहिरीचं पाणी भरलं. मातीचं अंग, मिळेल ते पितं. तेल माझ्यात भिनलं, आणि त्याबरोबर सूडही.

आदल्या दिवशी रंगरावांनी मला रिकामं केलं आणि बुलढाण्याहून बैलगाडीनं गोडं पाणी आणून गुपचूप माझ्यात भरलं. सकाळी साहेबांसमोर म्हणाले, "हे आळीच्याच विहिरीचं पानी," आणि निर्धास्तपणे मोठा घोट घेतला.

मी वाटच पाहत होतो. मुरलेलं सगळं त्या पाण्यात सोडून दिलं होतं. रंगरावांना गिळवेना. थुंकावं, तर समोर आईच्या नावाची पाटी. शेवटी चूळ साहेबांच्या बुटांवर पडली.

केसरबाई शांतपणे म्हणाली, "काऊन मालक? प्या ना. माही यमी तं रोज पेत होती."

मित्रांनो, त्या दिवशी मला जे बरं वाटलं, ते कुणाची तहान भागवूनही वाटलं नसतं. साहेबांच्या हुकमानं विहीर उपसली गेली, तीही रंगरावांच्या खर्चानं. यमुना हळूहळू चालू लागली, पण तिचं पोट कायमचं नाजूक राहिलं. मला फोडायला रंगरावांनी माणूस पाठवला, तेव्हा केसरबाई आडवी आली. काठाचा टवका तेवढा गेला.

आता मी विहिरीपाशी बसून असतो. माझ्या जातीचे सगळे म्हणतात, आम्हाला घासा, स्वच्छ ठेवा. मी म्हणतो, विहिरीला जपा, पण मला घासू नका. पुन्हा कुणी 'पाणी चांगलं आहे' असं सांगत आला, तर त्याला पहिला पेला माझ्यातला द्या.