दोरभर अंतर

"वीस मीटर!" फितीचं टोक भरतीच्या रेघेवर दाबून धरलेली पोरगी ओरडली, आणि खुंट्यापाशी उभ्या असलेल्या भूगोलाच्या बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"नीट बघ. ताणून धर."

"ताणलीय बाई. वीस म्हणजे वीस."

पहिल्या वर्षी वीस, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी वीस, आणि आज चौथ्यांदाही वीस. दर साली त्याच महिन्यात, अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी बाई अकरावीचा वर्ग घेऊन किनाऱ्यावर यायच्या, खुंट्यापासून सुकलेल्या शेवाळाच्या रेघेपर्यंत मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. आजचा आकडा लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.

शेजारी होडीवाला तात्या पालथ्या होडीला डांबर फासत होता. त्यानं मान वर न करताच विचारलं, "काय म्हणतो समुद्र?"

"जिथल्या तिथे आहे, तात्या."

"जिथल्या तिथे? माझं होडी बांधायचं झाड वाहून गेलं. विहीर खारट झाली. दोन वर्षांमागे तुमची पोरं जिथे डबे खायला बसली होती तिथे आज खेकडे पंगत मांडून बसलेत. आणि समुद्र जिथल्या तिथे!"

"वहीत तरी तसंच दिसतंय."

"मग होडी आता वहीतच घालतो. बांधाची कटकटच नको!"

पोरं खदखदून हसली. बाईंना हसू आलं नाही. खरा घोर बांधाचाच होता. कचेरीनं गावाला बजावलं होतं, समुद्र आत सरकतोय याचा मोजलेला पुरावा आणा, मग दगडी बांधाचं बघू. मोजलेलं म्हणाल तर सगळ्या गावात शाळेची ही एकच वही. ती उद्या दुपारच्या आत कचेरीत पोचायची होती, आणि वही तर गावाच्या विरुद्ध साक्ष द्यायला निघाली होती.

तात्यानं कुंचला ठेवला आणि आवाज उतरवला. "बाई, चार आकडे तर आहेत. थोडे इकडचे तिकडे केले तर कोण बघतंय?"

"देव वरून बघतो, तात्या, आणि ही पोरं समोरून बघतायत."

"मग बुडतो आम्ही सगळे तुमच्या खरेपणात!"

डोळ्यांना दिसतंय ते वहीला दिसत नाही, आणि वहीत आहे ते डोळ्यांना पटत नाही! देवानं डोळे दिले, शाळेनं फीत दिली, आणि दोघांचं भांडण सोडवायला मधे उभ्या बाई. सगळा राग त्यांनी खुंट्यावर काढला. दोन्ही हातांनी धरून गदागदा हलवला. खुंटा हलवून बळकट करतात म्हणे. हा मात्र मुळ्यासारखा उपटून हातात आला.

वर्गात एक पोरगी होती. प्रश्नांवर प्रश्न विचारायची, म्हणून सगळे तिला शंकासुर म्हणायचे. ती पुढे आली. "बाई, तीन वर्षं पुरलेला खुंटा इतका सहज निघतो?"

तेवढ्यात किनाऱ्यावरच्या शेवटच्या घरातून जाळी विणणाऱ्या काकू पदर सावरत धावत आल्या. "अगं बाई, उपटलात कशाला? परवाच तर ठोकला होता मी!"

"परवा?" बाईंच्या हातातला खुंटा तसाच राहिला. "काकू, तुम्ही ठोकलात?"

"मग कोण ठोकणार? दर वर्षी तुमची यायची वेळ झाली की बघते. पाणी पुढे आलेलं असतं. मग दोर लावते, आणि खुंटा मागे घेते. तुम्हीच तर सांगितलं होतंत!"

"मी असं कधी सांगितलं?"

"पहिल्याच वर्षी. तुमची फीत शाळेच्या कपाटात राहिली होती आणि किल्ली शिपायाच्या खिशात. माझा जाळ्याचा वीस मीटरचा दोर मागून नेलात. खुंटा ते पाणी, दोर अगदी बरोबर पुरला. जाताना माझा हात हातात घेऊन म्हणालात, काकू, एवढं अंतर सांभाळा." काकूंचा चेहरा अभिमानानं फुलला. "मी मनाशी म्हटलं, एवढ्या विश्वासानं सांगतायत, आपण अंतर द्यायचं नाही. बोटभरसुद्धा चुकू दिलं नाही बघा!"

बाई मटकन वाळूत बसल्या. खुंटा सांभाळा म्हणायचं होतं. तोंडातून गेलं अंतर. आणि या माउलीनं तो शब्द देवाच्या दिव्यासारखा जपला, वाऱ्यानं हलू दिला नाही. आता रागवायचं तरी कुणावर?

तात्यानं कपाळावर हात मारला. डांबराचा पंजा उमटला तरी कुणी हसलं नाही.

"काकू, पहिला खुंटा कुठे होता?" शंकासुरानं विचारलं.

काकूंनी समुद्राकडे बोट केलं. "ती लाट फुटली ना, तिच्या जरा अलीकडे."

"हे कचेरीत कसं सांगायचं? लाट फुटली त्याच्या अलीकडे म्हणून?" बाई उसळून म्हणाल्या. तोवर पोरीनं त्यांच्या मांडीवरची वही उचलून पहिलं पान काढलं होतं.

"बाई, हे तुमचंच अक्षर ना?"

पानावर खुंट्याचं वेडंवाकडं चित्र होतं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं: काकूंचा उंबरा ते खुंटा, तीन दोर. खूण नेहमी न हलणाऱ्या वस्तूशी बांधून ठेवा, असं बाई दर वर्षी वर्गात शिकवायच्या. स्वतः एकदा लिहून विसरल्या. नंतर दर साली डोळे फितीवर आणि पाठ घराकडे.

"काकू, तो दोर आहे अजून?"

"आहे म्हणजे? जपून ठेवलाय."

खुंटा निघाला त्या खड्ड्यात पुन्हा उभा केला, आणि उंबऱ्यापासून दोर लावला. एक दोर भरला. दुसरा अर्धाच पुरला.

"दीड!" पोरं ओरडली. "तीनाचे दीड झाले! दीड दोर म्हणजे तीस मीटर! तीन वर्षांत तीस मीटर खाल्ले, बाई!" टाळ्या पडल्या. तात्या म्हणाला, "आली एकदाची वहीला दृष्टी!"

शंकासुर एकटी बोटांवर हिशेब करत राहिली. "उंबऱ्यापासून पाणी आता पन्नास मीटर. वर्षाला दहा. म्हणजे..." तिनं काकूंकडे पाहिलं आणि पुढचं बोललीच नाही. टाळ्या आपोआप थांबल्या.

बाईंनी पेन्सिलीला टोक काढलं. एकही आकडा न खोडता त्यांनी खाली लिहिलं: खुंटा दर वर्षी हलला, चूक माझी. न हलणारी खूण, काकूंचा उंबरा. त्याखाली सही केली.

काकू कोपराला वेढे घालत दोर गुंडाळत होत्या. "मग बाई, खुंटा आता कुठे ठोकू?"

"राहू द्या, काकू. यापुढे उंबऱ्यापासूनच मोजायचं."

काकूंनी वळून आपल्या घराकडे पाहिलं, मग पाण्याकडे.

"हो," त्या म्हणाल्या, "तो काही मला मागे घेता येणार नाही."