चावणारा डावा बूट

मी डाव्या पायाचा बूट बोलतोय. उजवा भाऊ अबोल आहे, शिवाय त्याच्यावर आरोपही नाही. माझ्यावर आहे. मी म्हणे चावतो!

जूनमध्ये प्रतापराव आणि मैथिलीताईंनी मला आखाती देशातल्या त्यांच्या महबूल्याच्या घरी आणलं. प्रतापराव नाशिकचे, इथल्या पेट्रोकेमिकल कारखान्यात बावीस वर्षं इंजिनिअर. आजवरची प्रत्येक रजा गावाकडच्या लग्नामुंजीत गेली. यंदा मात्र ताईंनी हट्टच धरला. सप्टेंबरात बेल्जियममधलं ब्रूज बघायचं. एकच शहर, सहा दिवस. कालव्याकाठी पायी हिंडायचं, दमलं की बाकावर टेकायचं. फ्रिजवर नकाशासुद्धा चिकटवला.

बाहेर पन्नास अंश, म्हणून चालायचा सराव मॉलमध्ये. पहिला आठवडा झकास गेला. मग मी सकाळी सैल आणि संध्याकाळी घट्ट व्हायला लागलो. आता चामडं काय रोज संध्याकाळी आकसतं?

"अहो, नवा बूट चावतोच," ताई म्हणाल्या. त्यांनी माझ्या टाचेला खोबरेल चोळलं, आत ओल्या वर्तमानपत्राचे बोळे कोंबले. पाय सुजत होता प्रतापरावांचा, आणि औषधपाणी माझं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

दुसऱ्या वळणावरच प्रतापरावांना धाप लागायची. मग ते काचेपुढे उभे राहून घड्याळं बघायचे. घड्याळ कुणाला घ्यायचं होतं? घरी गेल्यावर माझ्या लेसचे वळ त्यांच्या पायावर तासभर तसेच राहायचे. दुखणं पायाचं नव्हतंच, वर छातीत कुठेतरी होतं. मला भीती वाटायला लागली.

त्यांनाही वाटत असावी. एकदा मला घालता घालता ते ऑफिसातल्या काशिफला फोनवर म्हणाले, "अभी डॉक्टर नहीं, यार. वो टिकट ही कॅन्सल करवाएगा. कंपनी से देश के बाहर जाने का एक्झिट परमिट मुश्किल से मिला है. वापस आके दिखाता हूँ."

आज विमान आहे. ताईंनी एक नंबर मोठे बूट आणलेत. "बघा, हे नाही चावत!" त्या इतक्या खूश होत्या की मला रागही धरवेना. आमचं खोकं त्यांनी इमारतीच्या रखवालदारासाठी, वाजिदसाठी, दाराबाहेर ठेवलंय. झाकण अर्धवट उघडं आहे.

दार ते लिफ्ट नऊ पावलं. चौथ्या पावलाला नवे बूट थांबले. प्रतापरावांनी भिंतीला हात टेकला.

"काही विसरलं का?"

"काही नाही. तू लिफ्ट धर."

मैथिलीताई, चावणारा मीच, कबूल. हवं तर कचऱ्यात टाका. पण लिफ्ट यायच्या आत एकदा खाली वाका, त्यांच्या घोट्यावर बोट दाबा, आणि पडलेला खळगा भरतोय का तेवढं बघा.

लिफ्ट आली. ताई बॅगा आत ओढतायत.