कोंबडा गंजलेला नाही

मी एक जुना पत्र्याचा कोंबडा आहे. आरवणं मला जमत नाही आणि रस्स्यालाही माझा उपयोग नाही. पुस्तकात मला वातकुक्कुट असं भारदस्त नाव आहे. गावात मात्र मी नुसता कोंबडा. वारा जिकडून येतो तिकडे तोंड करायचं, एवढं एकच काम मला येतं. पण मित्रांनो, ते मी कुणाची भीड न धरता करतो.

माधवनगरच्या एका गिरणीत फिटर असलेल्या नाथाजी मिस्त्रींनी मला डब्याच्या पत्र्यातून कापलं, तुरा लाल रंगवला आणि सांगलीजवळच्या या नदीकाठच्या शाळेला भेट दिलं. दुमजली शाळेच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्याही वर माझी जागा. सुरुवातीला मुलं रोज वर येऊन माझी दिशा वहीत टिपायची. पुढे वह्या बंद झाल्या, तुऱ्याचा रंग उडाला, आणि माझ्या डोक्यावर बसायला फक्त कावळे उरले.

पावसाळाभर माझं तोंड पश्चिमेला, सह्याद्रीकडे असतं. तेव्हा हवा धुतल्यासारखी असते. उन्हाळ्यात वळवाआधीचा वारा मला गरगर फिरवतो. धूळ उडते, पण धूर टिकत नाही. थंडीचं मात्र वेगळं आहे. हा नदीकाठ खोलगट. रात्रभर गार होऊन जड झालेली हवा इथं येऊन बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं, आणि सकाळी झाडाचं पान हलत नाही. नेमका तेव्हाच ऊसतोडीचा हंगाम असतो.

तोड झाली की रानात उसाचा वाळका पाला उरतो. त्याला पाचट म्हणतात. ते पेटवताना ठिणगी शेजारच्या उभ्या उसात जाऊ नये, म्हणून लोक वारा पडायची वाट बघतात. आणि वारा पडला की नाही, हे कुणाकडे बघून ठरवतात? माझ्याकडे! माझ्या स्थिरपणाकडे बघून काडी ओढली जाते, याचा मला भयंकर राग येतो. वारा पडलेला असतो, म्हणूनच तर धूर कुठं जात नाही.

तो धूर जाईबाईंच्या छातीत जातो. जाईबाई शाळेत मुलांसाठी खिचडी शिजवतात. त्यांना दमा आहे. गेल्या थंडीत त्या आठ दिवस दवाखान्यात होत्या. पुन्हा असं झालं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

या जानेवारीत शाळेमागच्या रानात लालासाहेबांनी माझ्याकडे बघितलं आणि पाचटाला काडी लावली. ते फौजेतून सुभेदार होऊन परतलेले, गावात त्यांच्या शब्दाला मान. निम्मं रान जळेपर्यंत जाईबाई स्वयंपाकघराच्या पायरीवर बसल्या होत्या, हातात दम्याचा पंप, श्वासाची शिट्टी वाजत होती. नीलिमाबाई, आमच्या शिक्षिका, तडक बांधावर गेल्या.

"दादा, उरलेलं पेटवू नका. वारा नाही, सगळा धूर शाळेत बसलाय."

"आवं बाई, वारं हाय की! धूर जातोय वर. तुमचा कोंबडाच गंजलाय, फिरंल कसा?"

ऐकलंत? पेटवताना मी खरा, आणि धूर झाल्यावर मी गंजलेला!

जाईबाईंना दोन शब्द बोलायलाही दम पुरत नव्हता, तरी त्या पायरीवरून म्हणाल्या, "आवं सुभेदार, कोंबडं झाकलं म्हणून... उजाडायचं ऱ्हातं व्हय?"

लालासाहेब चिडले. तेलाची बुधली घेऊन शिडीवरून थेट माझ्यापर्यंत आले. कितीतरी वर्षांनी मला तेल मिळालं. त्यांनी बोटानं मला फिरवलं. मी छान गिरकी घेतली आणि थांबलो. पुन्हा फिरवलं, पुन्हा थांबलो. तिसऱ्यांदा ढकललं. सुभेदार असाल तुम्ही फौजेत. नसलेला वारा मी दाखवणार नाही!

मग त्यांनी खाली बघितलं. त्यांच्या रानातून उठलेला धूर थोडा वर येऊन आडवा झाला होता. अंगण, हापसा, स्वयंपाकघर, सगळं त्याखाली बुडालेलं. जाईबाई दिसत नव्हत्या. त्यांचा खोकला तेवढा वर येत होता. लालासाहेबांनी बुधलीचं झाकण लावलं.

"माझंच हाय हे," ते हळूच म्हणाले. मी एकट्यानं ऐकलं.

खाली उतरून त्यांनी आधी जाईबाईंना आपल्या गाडीतून दवाखान्यात नेलं. त्या तिसऱ्या दिवशी परतल्या. उरलेलं पाचट लालासाहेबांनी पेटवलं नाही, उसाच्या ओळींमधल्या सरीत दाबून कुजायला घातलं. लोक हसले. "हसू द्या," लालासाहेब म्हणाले, "आदी वर चढून बगा, मग हसा."

मित्रांनो, मला वर्षातून एकदा तेल द्या, जमलं तर तुऱ्याला थोडा लाल रंगही द्या. पण माझं तोंड तुमच्या सोयीनं फिरवू नका. थंडीच्या सकाळी मी गप्प उभा दिसलो, तर काडीपेटी खिशात ठेवा आणि जाईबाईंचा खोकला ऐकू येतो का, ते बघा.