पाचची कुस्ती

“पाच वाजले,” विरूपाक्ष हौद्यातून म्हणाला. “अप्पा, पाच वाजले.”

लंगोट कसून तो अर्धा तास मातीत उभा होता. घरामागच्या या कुस्तीच्या हौद्यात एकेकाळी गावचे पहिलवान उतरायचे. आता पंधरा वर्षं फक्त दोघंच उतरत, माणिकप्पा आणि त्यांचा हा धाकटा मुलगा. आज माणिकप्पा अंगात सदरा घालून ओट्यावर बसले होते. छातीच्या दुखण्यानं आठ दिवस लातूरच्या दवाखान्यात काढून ते काल परतले होते. जिना चढायचा नाही, ओझं उचलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. कुस्तीचं विचारायची हिंमत थोरल्या सिद्धरामला झालीच नव्हती.

विरूपाक्ष चोवीस वर्षांचा. बोलणं मोजकं, तेच तेच. कुणाच्या डोळ्यांत बघायचा नाही. हलकेच हात लागला तरी पोळल्यासारखा ओरडायचा. याला स्वमग्नता म्हणतात, हे घराला फार उशिरा कळलं. त्याआधी एका डॉक्टरांनी कागदावर ‘मतिमंद’ असा भलताच शब्द लिहून दिला होता आणि त्याच्या आईनं, शरणम्मानं, तो कागद चुलीत घातला होता. नऊ वर्षांचा असताना एकदा तो भिंतीवर डोकं आपटत होता. माणिकप्पांनी त्याला मागून पहिलवानी पकडीत आवळलं आणि पोरगं शांत झालं. तेव्हापासून रोज पाचला कुस्ती. जत्रेच्या फडात मात्र त्याला कधी नेलं नाही. हलगी वाजली की तो कान दाबून पळायचा.

या आठ दिवसांत त्याच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. त्याला आवरता आवरता शरणम्माचं मनगट काळंनिळं पडलं होतं. गावातले दोन गडी पाचच्या कुस्तीला येऊन गेले. त्यातल्या एकानं हसत त्याच्या पाठीवर थाप मारली आणि ओठ फोडून घेऊन परत गेला.

“मी उतरतो थोडं,” माणिकप्पा म्हणाले. “नुस्तं धरून बसतो.”

“न्हाई अप्पा.”

“मग कोन?”

लातूर जिल्हा झाला तेव्हा सिद्धराम नव्या कलेक्टर कचेरीत कारकून म्हणून लागला होता. सध्या टंचाईच्या टेबलावर होता, दिवसभर टँकरच्या फायली. गावी यायचा तो दिवाळीपुरता. शाळेत असताना कुणी भावाचं नाव काढलं की तो विषय बदलायचा. सहाच्या गाडीनं त्याला परत जायचं होतं.

शरणम्मा फावड्यानं माती उकरत होती. टँकर चौथ्या दिवशी यायचा, त्यामुळे दोन महिने हौद्याला पाणी नव्हतं. आज तिनं आपल्या आंघोळीची बादली आणून शिंपडली. “लई कडक हाय,” ती म्हणाली आणि बाजूला झाली.

विरूपाक्षनं तळहात कपाळावर मारून घेतला. मग दुसऱ्यांदा, जोरात.

सिद्धरामनं चष्मा काढून आईच्या हाती दिला. शर्ट काढला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि हौद्यात उतरला. भाऊ त्याच्या खांद्यावरून ओट्याकडेच बघत होता. सिद्धरामनं भीत भीत त्याच्या दंडाला हात लावला. विरूपाक्ष किंचाळला आणि खाली बसून डोकं जमिनीवर आपटू लागला.

माणिकप्पा ओट्यावरून अर्धे उठले. शरणम्मानं त्यांचा सदरा धरला.

“भिऊन हात लावू नको,” ते धापा टाकत म्हणाले. “हलका हात सोसत न्हाई त्याला. आवळून धर. तुझा जीव जाईस्तोवर आवळ.”

सिद्धरामनं डोळे मिटले आणि भावाला मागून मिठीत आवळलं. पुढच्याच क्षणी तो पाठीवर पडला. माती खरंच कडक होती. तो उठला, पुन्हा धरलं, पुन्हा पडला. तिसऱ्या वेळी विरूपाक्ष त्याच्यासकट कोसळला आणि तसाच त्याच्या छातीवर पडून राहिला. सिद्धरामचा श्वास कोंडला. कोपर सोलवटलं होतं. तरी त्यानं हात सोडले नाहीत.

“पुरे म्हन,” माणिकप्पा म्हणाले. “म्हंजे सोडंल.”

छातीवरचा धडधडाट हळूहळू मंद होत होता. तो कुणाचा, हे सिद्धरामला नीट कळत नव्हतं. आपल्या भावाच्या अंगाला कसला वास येतो, हेही त्याला आजच कळलं.

बऱ्याच वेळानं तो “पुरे” म्हणाला. विरूपाक्ष लगेच उठला, अंगावरची माती झाडली आणि “भाकरी” म्हणत घरात गेला.

सिद्धराम पडूनच होता. “अव्वा,” तो आभाळाकडे बघत आईला म्हणाला, “साडेतीनला लातूरहून औश्यावरनं गावाला येनारी गाडी हाय. रोज तिनं आलो तर पाचला पोचतो. साहेबाला विचारतो उद्या.”

“ऐकंल का साहेब?”

“माहीत न्हाई.”

अप्पांना काय वाटतं ते बघायला सिद्धरामनं मान वळवली. चष्म्याविना त्याला फक्त पांढरा सदरा दिसत होता, भिंतीला टेकलेला, एका बाजूला कललेला. शरणम्मा घाईनं ओट्यावर चढली. वाकून तिनं नवऱ्याच्या नाकाशी हात धरला आणि ऊन श्वास हाताला लागेपर्यंत तशीच थांबली.

मग सिद्धरामकडे वळून तिनं तोंडावर बोट ठेवलं.

“झोपलेत,” ती ओठांतल्या ओठांत म्हणाली, आणि माशा बसू नयेत म्हणून पदरानं वारा घालत राहिली.